महिन्याचा तक्ता भरताना

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझा पुढच्या महिन्याचा तक्ता मिळाला. दोनदा नुसता वाचला, तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले. शास्त्रीय संगीताची मैफल, नगरपालिकेची सभा, मुलांच्या गोष्टी, विज्ञानाची मालिका, जुनं नाटक, आरोग्याचा सल्ला, नवख्या दिग्दर्शकांचे लघुपट. एका स्थानिक सार्वजनिक वाहिनीच्या महिन्यात एवढं सगळं बसवायला जीव ओतावा लागतो, आणि तू तो ओतला आहेस. म्हणूनच जे खटकलं ते मोकळेपणाने लिहिते.

तू कार्यक्रमांचे प्रकार मोजलेस. मी तक्ता हातात घेतला की प्रत्येक चौकटीवर बोट ठेवून एकच विचारते: हे ज्याच्यासाठी आहे, तो माणूस या वेळेला घरात असतो का? आणि पुढच्या आठवड्यात त्याला हे न शोधता सापडेल का?

मुलांच्या गोष्टींचंच बघ. पहिल्या आठवड्यात मंगळवारी साडेचारला, दुसऱ्या आठवड्यात शनिवारी सकाळी, तिसऱ्यात पुन्हा मंगळवारी पण सहाला, आणि चौथ्यात नाहीतच, कारण ती जागा मैफलीने घेतली. तुझ्या हिशेबात महिन्याला तीन भाग झाले. पण पाच वर्षांच्या मुलाला तक्ता वाचता येत नाही. खेळून आलो, हातपाय धुतले की गोष्ट लागते, एवढंच त्याचं घड्याळ. अमेरिकेत पिट्सबर्गच्या सार्वजनिक वाहिनीवर फ्रेड रॉजर्स मुलांसाठी कार्यक्रम करायचे. १९६८ मध्ये तो देशभर दिसू लागला आणि २००१ पर्यंत नवे भाग येत राहिले. दारातून आत यायचं, कोट काढून स्वेटर घालायचा, बूट बदलायचे, तेच गाणं म्हणायचं. मुलांना त्या ओळखीच्या क्रमाचाच आधार वाटायचा. असा कार्यक्रम तू महिनाभर फिरवत ठेवलास तर त्यातली अर्धी माया तिथेच सांडते.

वेळ कशी ठरवायची, याचा मला सगळ्यात शिकवून गेलेला नमुना म्हणजे १९७५-७६ मधला ‘साइट’ प्रयोग. नासाच्या उपग्रहावरून भारतातल्या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत वर्षभर कार्यक्रम दाखवले गेले. दिवसाला चारच तास मिळत. त्यातला दीड तास सकाळी, शाळेतल्या मुलांसाठी. उरलेले अडीच तास संध्याकाळी, शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन आणि मनोरंजन यांसाठी, कारण मोठी माणसं काम आटोपून गावच्या सामाईक संचासमोर तेव्हाच बसू शकत. चार तासांत त्यांनी दुपारचा हव्यास धरला नाही. तुझ्याकडे त्याच्या कितीतरी पट वेळ आहे आणि तरी शेतकऱ्यांसाठीचा सल्ला तू सकाळी अकराला टाकला आहेस. अकराला शेतकरी कुठे असतो, ते तुला ठाऊक आहे.

आता एक माझ्या हातून घडलेली गोष्ट. मी तुझ्या वयाची असताना एका रविवारी थेट सामना लांबला. नियंत्रण कक्षातून विचारणा आली आणि मी कर्णबधिरांचं बातमीपत्र अर्धा तास पुढे ढकलायला होकार दिला. पडद्याखाली सूचनेची पट्टी चालवण्याचंही मला सुचलं नाही. तीन-चार दिवसांनी पत्र आलं. वहीतून फाडलेलं पान, निळी शाई, समासापासून नेमकं अंतर सोडून लिहिलेलं अक्षर. एका घरी दर रविवारी पाच जण त्या बातम्यांसाठी जमत. आठवडाभर त्यांना बातम्या कुणाकडून तरी कळत, त्या दिवशी त्या थेट त्यांच्या होत. बातमीपत्र लागलं तेव्हा तिघं शेवटची गाडी गाठायला निघून गेले होते. रागाचा एक शब्द नव्हता, फक्त पुढच्या रविवारी वेळ तीच आहे ना, एवढं विचारलं होतं. ते पान मी नोकरी संपेपर्यंत टेबलाच्या काचेखाली ठेवलं. तुझ्या तक्त्यात हे बातमीपत्र दोन वेगवेगळ्या वारी दिसलं तेव्हा मला आधी तेच आठवलं. त्याला एक वार, एक वेळ दे आणि कुणी कितीही आग्रह केला तरी हलवू नकोस.

त्याच ओघात आणखी एक. तक्त्यात उपशीर्षकांचा एक रकाना वाढव. बोस्टनच्या सार्वजनिक वाहिनीने १९७२ मध्ये ज्युलिया चाइल्ड यांच्या पाककृतींच्या कार्यक्रमाला उपशीर्षकं दिली आणि ऐकू न येणाऱ्यांनाही तो पाहता येऊ लागला. बातम्या किंवा भाषण सोडून त्यांनी स्वयंपाक निवडला, हे मला फार आवडतं. करमणुकीवरही सगळ्यांचा हक्क असतो.

नगरपालिकेच्या सभेबद्दल थोडक्यात. सभा कधी संपेल ते कुणाच्याच हातात नसतं. तिच्यामागे घड्याळाला बांधलेलं काही लावू नकोस. रेकॉर्ड केलेली मैफल लाव, ती वीस मिनिटं उशिरा सुरू झाली तरी बिघडत नाही. आणि सभेचं पुनर्प्रक्षेपण सुट्टीच्या दिवशी कर. पाण्याच्या प्रश्नावर कोण काय बोललं, ते कामावर जाणाऱ्यांनाही ऐकायचं असतं.

महिना कधीच मोडायचा नाही, असं मात्र समजू नकोस. सप्टेंबर १९९० मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक वाहिन्यांनी तिथल्या यादवी युद्धावरची केन बर्न्स यांची माहितीपटमालिका सलग पाच रात्री दाखवली. रोजचं सगळं बाजूला सारलं आणि जवळजवळ चार कोटी लोकांनी ती पाहिली. तुझं जुनं नाटक तसं आहे. तू त्याचे तीन अंक तीन आठवड्यांवर पसरलेस. ते एका रात्रीत सलग दाखव, आधी पंधरा दिवस सांगत राहा, त्या रात्री बाकीचं हलवलं तरी लोक समजून घेतील.

लघुपट मध्यरात्री ढकललेस, त्याचं वाईट वाटलं. कमी लोक बघतील म्हणून ते तिथे टाकलेस ना? मध्यरात्री ते कमीच लोक बघणार. अमेरिकेतले चित्रकार बॉब रॉस यांचे चित्रकलेचे अर्ध्या तासाचे बहुतेक भाग इंडियाना राज्यातल्या मन्सी नावाच्या लहान शहरातल्या सार्वजनिक वाहिनीच्या स्टुडिओत व्हायचे. काळा पडदा, एक चित्रफलक, एक माणूस, आणि १९८३ ते १९९४ मध्ये चारशेच्या वर भाग. लहान जागेतून आलेल्या कामाकडे लहान म्हणून बघू नकोस. महिन्यातला एक शुक्रवार, रात्री नऊ वाजता, या मुलामुलींना दे.

तक्ता दुरुस्त करून येत्या बुधवारपर्यंत पाठव. गोष्टींची वेळ साडेपाच की सहा, हे ठरवण्याआधी दोन-चार घरी फोन करून मुलं खेळून कधी परततात ते विचार, आणि मिळालेली उत्तरं समासात लिहून ठेव. मला ती वाचायची आहेत.

तुझी,
ताई