एक्सबॉक्सात मोठा प्रोसेसर बसेल का?

प्रश्न : दादा, माझ्याकडे मावसभावाने दुबईहून आणलेला पहिलावाला एक्सबॉक्स आहे, तो काळा जाडजूड. घरात एक जुना पीसी पण पडलाय, त्यात 1.4 गिगाहर्ट्झचा पेंटियम 3 आहे. मित्र म्हणतो एक्सबॉक्सात पण पेंटियम 3च असतो, मग हा काढून त्यात टाकू का? गेम अडकतात ते थांबेल का? एमजी रोडला एकाला विचारलं तर तो बोलला "होऊन जाईल, सोडून जा".
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : भाऊ, आधी एक काम कर, कन्सोल सोडून आला असशील तर आजच जाऊन परत आण.

मित्र खोटं बोलत नाहीये. 2001 च्या त्या एक्सबॉक्सात 733 मेगाहर्ट्झचा पेंटियम 3 घराण्यातलाच प्रोसेसर आहे, फक्त कॅश, म्हणजे त्याच्या आतली झटपट मेमरी, 128 केबी, म्हणून लोक त्याला सेलेरॉन (इंटेलचा स्वस्तातला प्रोसेसर) म्हणून चिडवतात. पण पीसीत प्रोसेसर सॉकेटमध्ये बसतो, खटका उचलला की हातात. इथे तो बोर्डावर थेट सोल्डर केलाय, खाली सोल्डरचे 495 बारीक बॉल. तुझा 1.4 वाला ट्युआलॅटिन, म्हणजे पेंटियम 3 ची शेवटची पिढी असणार, त्याला पिना आहेत आणि व्होल्टेज पण वेगळं लागतं, म्हणजे मधे एक जोडबोर्ड पाहिजे, जुना चिप गरम हवेने उचलायचा, जागा साफ करायची, मग तो जोडबोर्ड बसवायचा... हे झालेलं आहे बरं का, जगात लोकांनी केलंय, 1.48 गिगाहर्ट्झवाले एक्सबॉक्स ड्रीमएक्स नावाने विकायला पण आले होते. पण मोबाईलचा चार्जिंग जॅक बदलणाऱ्याचं हे काम नाही. मी स्वतः एक बोर्ड असाच एका दुकानात देऊन घालवलाय, परत आला तेव्हा प्रोसेसरच्या खालचे पॅडच (बोर्डावरचे सोल्डरचे ठिपके) उपटलेले, आणि वर मजुरी पण मागितली!

आणि समज झालंच सगळं नीट, तरी गेम दुप्पट पळणार नाहीत. बरेचसे गेम सेकंदाला 30 नाहीतर 60 फ्रेमलाच (चित्रांनाच) बांधलेले असतात, त्याच्या वर जातच नाहीत. जिथे गर्दीत फ्रेम पडतात तिथे थोडा फरक दिसेल, पण ग्राफिक्स चिप तीच 233 मेगाहर्ट्झची, मेमरी तीच 64 एमबी, ती पण प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांत वाटलेली, आणि प्रोसेसरपासून मेमरीपर्यंतचा बस, म्हणजे डेटाचा रस्ता, 133 मेगाहर्ट्झचाच. गंगापूर रोडला संध्याकाळी मोठी गाडी काढली म्हणून लवकर पोचतो का आपण? खरा फायदा एक्सबॉक्स मोड करून, म्हणजे त्यात बाहेरचे प्रोग्राम चालतील असा बदल करून, व्हिडिओ बघणाऱ्यांना, 720पी फाईल डीकोड करायला 733 कमी पडतो.

तुझे गेम अडकतात त्याचं कारण मला तरी वेगळंच वाटतंय. वीस वर्षांची थर्मल पेस्ट वाळून खडू झाली असेल, डीव्हीडीची लेन्स मळली असेल, जुनी हार्डडिस्क दमली असेल. आधी तेवढं बघ, शंभर-दोनशेच्या पेस्टमध्ये पण कधी काम होतं.

अजून एक, आणि हे टाळू नको. एक्सबॉक्सच्या बोर्डाच्या आवृत्त्या आहेत, त्यातली 1.6 सोडून जुन्या सगळ्या बोर्डांवर घड्याळासाठी एक कपॅसिटर असतो, तो गळतो आणि त्याचं पाणी हळूहळू बोर्डाचे ट्रेस (तांब्याच्या बारीक रेषा) खातं. तो काढून टाक, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस. काढल्याने एवढंच होतं की प्लग काढला की तारीख-वेळ पुसली जाते. आणि सॉफ्टमोड (चिप न लावता, फक्त सॉफ्टवेअरने मोड) केलेला असेल तर ईईप्रॉमचा, म्हणजे बोर्डावरच्या छोट्या मेमरी चिपचा, बॅकअप घेऊन ठेव, हार्डडिस्कचं लॉक त्याच्यातल्या किल्लीवर आहे, उद्या बोर्ड मेला तर तीच फाईल कामाला येईल.

तरी हात शिवशिवतच असतील तर रॅम वाढव, 1.6 च्या आधीच्या बोर्डांवर चार चिपांची जागा रिकामीच सोडलीये, 128 एमबी होते. दुकानातले गेम ती वापरत नाहीत, मोडवाले प्रोग्राम वापरतात. आणि तो 1.4 वाला पेंटियम पीसीतच राहू दे ना, त्यावर विंडोज 98 टाक, जुने गेम मस्त चालतील.

प्रश्न : पीएस 2 (सोनीचा प्लेस्टेशन 2) मध्ये असं काही जमतं का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : नाही. त्यातला इमोशन इंजिन नावाचा प्रोसेसर सुमारे 294 मेगाहर्ट्झचा, खास त्याच्यासाठीच बनवलेला, त्याच्या जागी बसेल असा वेगवान भाऊबंद कोणी काढलाच नाही. लेन्स साफ कर आणि खेळ.