पालक दाखला मागायला येतात तेव्हा

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तू शिकवतेस ती मराठी शाळा उघडताच काही पालकांनी खासगी इंग्रजी शाळेत घालण्यासाठी मुलांचे दाखले मागितले आणि तिथले टाय-बूट व दाराशी येणारी पिवळी गाडी पाहूनच ते भुलले, असे तू लिहितेस. हे मत इतक्यात पक्के करू नकोस, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक मंजूर होतात. त्यातला एक निवडणुकीच्या कामाला गेला, की सगळे वर्ग एका खोलीत येतात आणि पहिलीच्या मुलांना पाटीवर अक्षरे गिरवायला लावून तुला फळ्यावर चौथीचा भागाकार घ्यावा लागतो. मुलाला दवाखान्यात न्यायला आलेली आई दाराशी उभी राहून हे सारे पाहते. घरी जाऊन ती ‘इंग्रजी शाळेत घालू’ म्हणते, तेव्हा तिला मुख्यतः आपल्या मुलाकडे लक्ष देणारा शिक्षक हवा असतो. मातृभाषेचे महत्त्व सांगून तिची ही काळजी मिटणार नाही.

म्हणून आधी घरोघरी जा. मूल शाळेतले काय सांगते, अभ्यास कोण घेते, नव्या शाळेत नेमके काय मिळेल असे वाटते, हे विचार आणि मध्ये न बोलता ऐकून घे. नोकरीच्या मुलाखतीत इंग्रजीपायी अडलेला बाप मुलासाठी इंग्रजी मागतो, तेव्हा त्याचे काहीही चुकत नाही. सुरुवातीची वर्षे मूल घरच्या भाषेतच शिकावे, असे माझे ठाम मत आहे. पण तुझ्या वर्गात रोज थोडे इंग्रजी बोलले जात असेल, तरच हे मत त्याच्यापुढे मांडण्याचा आपल्याला अधिकार आहे. केवळ पट टिकवण्यासाठी तयारी नसताना सेमी-इंग्रजीचे, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवण्याचे, आश्वासन मात्र देऊ नकोस.

खासगी शाळांत गरीब व वंचित घटकांतील मुलांसाठी असलेल्या २५ टक्के राखीव जागांविषयी कोणी विचारले, तर माहिती लपवू नकोस. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असल्यास खासगी शाळांना यातून वगळण्याचा शासनाचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केला. अर्ज जास्त आले, तर प्रवेश सोडतीने होतो आणि मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेण्यास कायद्याने मनाई आहे. मात्र ही मोफत शिक्षणाची सवलत आठवीपर्यंतच असते. नववीची फी कशी भरणार, याचा विचार पालकांनी आजच करावा, हे त्यांना स्पष्ट सांग.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असतात, पण कित्येक गावांत ही समिती सह्यांपुरतीच उरली आहे. दाराशी उभ्या राहिलेल्या त्या आईला पुढच्या बैठकीला आवर्जून बोलाव, तिचे म्हणणे इतिवृत्तात लिहून घे आणि शिक्षकाच्या मागणीचा ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठव. तरीही कोणी दाखला मागितला, तर तो अडवून ठेवू नकोस.

बैठक झाली, की काय ठरले ते कळव.

तुझा हितचिंतक