रिपोर्ट नॉर्मल आलाय, मग गोळ्या कशाला?

पत्र : माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. मागच्या वर्षी त्याला रक्ताचा कॅन्सर (एएलएल) निघाला. आठ महिने मुंबईत उपचार झाले. आता मेंटेनन्स (घरी घ्यायच्या गोळ्यांचा लांबचा टप्पा) सुरू करून गावी जा म्हणालेत. रिपोर्ट नॉर्मल आहेत, त्यामुळे सासूबाई म्हणतात, "बरं झालंय लेकरू, आता कशाला विष घालता?" कुणीतरी गुळवेलीचा काढा सांगितलाय, तो त्या गुपचूप पाजतील अशी भीती वाटते. मिस्टर काहीच बोलत नाहीत. मोठी मुलगी आठ वर्षांची, माझ्या आईकडे आहे. तिला "भाऊला ताप येतो" एवढंच सांगितलंय. परवा फोनवर म्हणाली, "मी त्याला ओट्यावरून ढकललं होतं, म्हणून झालं का गं?" मला बोलताच आलं नाही.
– एक आई, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, आधी लेकीचं. तिला आज रात्रीच फोन करा. एवढ्या वयाच्या पोरांना कुणी काही सांगितलं नाही की ती कारण आपलं आपणच शोधतात आणि दोष स्वतःकडे घेतात. सरळ सांगा : "भाऊच्या रक्तात आजार झालाय. त्याला ल्युकेमिया म्हणतात, रक्ताचा कॅन्सर. तू ढकललंस म्हणून झालेला नाही, असा तो होतच नाही. त्याच्याजवळ बसलीस तरी तुला लागणार नाही." 'कॅन्सर' हा शब्द टाळू नका. नाहीतर तो तिला शाळेत कुणाकडून तरी कळेल, आणि सोबत काय काय कळेल याचा नेम नाही. "तो मरणार का?" असं तिने विचारलं तर "काही होत नाही गं" म्हणून उडवून लावू नका. "औषधं लागू पडतायत. काही बदललं तर मीच तुला सांगेन," असं म्हणा, आणि मग तो शब्द पाळा. केस गेलेला, गाल सुजलेला त्याचा फोटो तिला आधी दाखवा, म्हणजे दारात पाहून ती दचकणार नाही. आणि गावी गेलात की तिला घरी आणा. मेंटेनन्स दीड-दोन वर्षं चालतो. तितके दिवस पोरीला आजोळी ठेवणं बरं नाही.

आता सासूबाई. त्या 'विष' म्हणतात ते अगदीच खोटं नाही, ही औषधं कडकच असतात. पण रिपोर्ट नॉर्मल येणं आणि रोग जाणं यात फरक आहे. बोन मॅरोची (हाडातल्या मगजाची, जिथे रक्त तयार होतं) सगळ्यात बारीक नेहमीची तपासणी, एमआरडी, साधारण दहा हजार पेशींत एक वाईट पेशी असेल तर दाखवते. त्याहून कमी असल्या तर दिसत नाहीत, पण असतात. सासूबाईंना हराळीचं उदाहरण द्या. खुरपून रान साफ दिसतं, मुळ्या मातीत राहतात, आणि पाऊस पडला की पुन्हा हिरवं. मेंटेनन्सच्या गोळ्या त्या मुळ्यांसाठी असतात. मध्येच सोडल्या तर रोग उलटू शकतो, आणि उलटलेला एएलएल पहिल्यापेक्षा पुष्कळ हट्टी असतो. प्रगत देशांत या आजाराची दहातली नऊ मुलं बरी होतात, गोळ्या शेवटपर्यंत घेणं हे त्याचं एक मोठं कारण. आपल्याकडे उपचार अर्ध्यावर सोडल्यामुळेही मुलं जातात.

गुळवेलीला मात्र ठाम नाही म्हणा. कोविडच्या काळात गुळवेल घेऊन लिव्हरला सूज आलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. तुमच्या मुलाच्या दोन्ही मुख्य गोळ्यांचा भार आधीच लिव्हरवर आहे. काढ्याने एसजीपीटी (लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढणारा आकडा) वाढलं तर ते काढ्याने की गोळ्यांनी, हे डॉक्टरांना कळणार नाही, आणि थांबतील त्या गोळ्या. पुढच्या भेटीला सासूबाईंना सोबत न्या आणि काढ्याचा प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या. सुनेचं ऐकणं जड जातं, डॉक्टरांचं ऐकतील. अंगारा कपाळाला लावायचा तर लावू दे, पोटात नको.

त्यांना रिकामं ठेवू नका. स्वयंपाक त्यांच्याकडे सोपवा : ताजं, गरम, शिजवलेलं. भाकरी, वरण, मऊ भात, उकळलेलं पाणी, सोलून खायची फळं. कच्ची कोशिंबीर, उघड्यावरचं, न तापवलेलं दूध नको. दारात साबण ठेवून येणाऱ्याजाणाऱ्याला हात धुवायला लावायचं कामही त्यांचंच. सर्दी-खोकल्याचा पाहुणा परत पाठवायला आजीइतकं कुणी खमकं नसतं.

गोळ्यांचं नीट लक्षात घ्या. सिक्स-एमपी रोज, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. दोन्ही बऱ्याचदा पिवळसर दिसतात. मेथोट्रेक्सेट चुकून रोज दिली गेली तर जिवावर बेतू शकतं. दोन वेगळ्या डब्या करा, मेथोट्रेक्सेटचा वार ठरवा, समजा शनिवार, आणि कालनिर्णयवर प्रत्येक शनिवारला गोल करून दिली की फुली मारा. अर्धी करायची गोळी हातमोजा घालून करा, घरातल्या गरोदर बाईने तिला हात लावू नये. उलटी झाली तर मनाने दुसरी देऊ नका, फोन करून विचारा. सेप्ट्रान (न्यूमोनिया होऊ नये म्हणून दिलेली गोळी) आठवड्यातून जितके दिवस सांगितली असेल तितके दिवस द्या. पोरगं ठणठणीत दिसतंय म्हणून ती बंद करतात आणि न्यूमोनियाला वाट मिळते.

सीबीसीत (रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीत) पांढऱ्या पेशींचा काउंट खाली दिसला की घाबरून स्वतःहून गोळी बंद करणारे पुष्कळ. इथे काउंट थोडा खालीच ठेवायचा असतो, त्यावरूनच डॉक्टर डोस कमी-जास्त करतात. कागदावरची पांढऱ्या पेशींची संख्या न्यूट्रोफिलच्या (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) टक्क्याने गुणून शंभराने भागा. १२०० आणि ३० टक्के असेल तर ३६०. पाचशेच्या खाली आकडा आला की त्याच दिवशी हॉस्पिटलला कळवा. हे गणित मिस्टरांना शिकवा. गप्प बसणाऱ्या माणसाला पुष्कळदा काय करावं तेच कळत नसतं.

तापाचं कामही त्यांचंच. काखेत डिजिटल थर्मामीटर १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, किंवा वर दाखवू लागला की निघायचं. पॅरासिटामॉल देऊन "सकाळी बघू" चालणार नाही. त्याने ताप दबतो, जंतू दबत नाहीत. काउंट कमी असताना साधा जंतुसंसर्गही काही तासांत रक्तात पसरतो. तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. म्हणून आत्ताच ठरवा : रात्री दोनला कुठलं हॉस्पिटल उघडं असतं, गाडी कुणाची. मुंबईच्या डॉक्टरांकडून एक पानी चिठ्ठी घ्या : आजार, कुठला टप्पा, औषधं, ॲलर्जी, रात्री लागणारा फोन. ती प्लॅस्टिकमध्ये घालून फाइलच्या वरच राहू द्या. गुदद्वारातून ताप मोजायला किंवा औषध द्यायला कुणाला देऊ नका. लेकीच्या वर्गात कांजिण्या निघाल्या तर मुलाला पुरळ यायची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करा, कारण प्रतिबंधाचा उपाय पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतो. मुलाला कुठलीही लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

राहिला खर्च. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात, रेशन कार्ड घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटा. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री-एसीत भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत असते. त्याला हॉस्पिटलचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. तो याच भेटीत घेऊन ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी सिद्धेश्वर एक्सप्रेसचं तिकीट काढताना धावपळ होणार नाही.