हे वाजवणार कोण?

प्रिय मुली,

वाद्यवृंदासाठी लिहून संगणकावर वाजवलेल्या तुझ्या रचना ऐकल्या. आधी नुसत्या, मग स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचे स्वर एकत्र लिहिलेली वही, समोर ठेवून. सोबतचं पत्रही वाचलं, आणि रचनांपेक्षा त्या पत्रानेच मला जास्त अस्वस्थ केलं. परदेशी जाऊन शिकू का? व्हिडिओ गेमसाठी लिहायला लागू का? 'यात आपलं काहीच नाही' असं लोक म्हणतात, तर तबला-बासरी घालू का? इतकी वर्षं रचना लोकांपुढे ठेवतेय, ऐकणारे तेच ते दहाजण, मग लिहू तरी कुणासाठी? एका दमात एवढे प्रश्न विचारलेस. ज्या प्रश्नापासून सुरुवात करायची, तो मात्र पत्रात कुठेच नाही. हे वाजवणार कोण?

तू गुणी आहेस हे तुला ठाऊक आहे आणि ते ऐकायला तू मला लिहिलेलं नाहीस. म्हणून सरळ गोदावरीच्या पुरावरच्या तुझ्या रचनेकडे येतो.

कल्पना अस्सल नाशिकची आहे. गोदेच्या पुराची पातळी ज्या मूर्तीवरून मोजतात, त्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी, मग कमरेला, मग छातीला, आणि तसतसा वाद्यवृंद भरत जातो. पण कमरेला पाणी लागतं तिथे तू हॉर्नला एकच स्वर धरून ठेवायला लावलास. चार मात्रांचे सोळा बार, मेट्रोनोम साठवर, म्हणजे सेकंदाला एक मात्रा, तोही अगदी हळू आवाजात. म्हणजे चौसष्ट सेकंद, आणि श्वासाला कुठे जागा नाही. संगणकाला फुप्फुसं नसतात, त्याने तक्रार केली नाही. दोन हॉर्नवाल्यांनी आळीपाळीने श्वास घेत तो स्वर सांभाळला असता, पण तसं तू लिहायला हवं होतंस. पुढे फ्लूटच्या अगदी खर्जातले डी आणि ई, आणि त्याच वेळी तीन ट्रॉम्बोन फोर्टे, म्हणजे जोरात. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये फ्लूट स्वच्छ ऐकू येतो, कारण तू त्याचा आवाज वाढवणारा फेडर वर ढकललास. हॉलमध्ये फेडर नसतो. तिथे तो फ्लूट वाजवणाऱ्यालाही स्वतःला ऐकू येणार नाही. दुसऱ्या व्हायोलिनला सगळ्यात खालचा जी आणि त्याच्यावरचा बी एकदम वाजवायला दिलास. दोन्ही स्वर जी तारेवरच निघतात. एका तारेवर एका वेळी दोन स्वर कुणी काढायचे? डिव्हिझी लिहून दोन वादकांत वाटले असतेस तर प्रश्नच उरला नसता.

या गोष्टी तुला पुस्तकांनी का नाही शिकवल्या? शिकवल्या असतील. पुस्तकात प्रत्येक वाद्याचा पल्ला दिलेला असतो आणि तू तो पाळला आहेस, एकही स्वर पल्ल्याबाहेर नाही. पण वादक वाजवता वाजवता थांबतो, नोटेशनच्या स्टँडवरून मान वर करून तुझ्याकडे बघतो, तेव्हा जे कळतं ते पुढे कधी विसरायला होत नाही. त्या नजरेखालून तू अजून गेलेली नाहीस. ब्याण्णवजणांचा स्कोअर लिहिलास, आणि त्यातल्या एकाशीही तुझी ओळख नाही!

आमच्या पिढीला हे धडे सिनेसंगीताच्या स्टुडिओतल्या गोवेकर वादकांनी दिले. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत लहानपणीच नोटेशन आणि व्हायोलिन शिकून मुंबईला आलेली ही माणसं. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा, सेबास्टियन डिसोझांसारखा अरेंजर ती स्टाफ नोटेशनवर उतरवून तिच्याभोवती वाद्यवृंद उभा करायचा, कॉपिस्ट त्यातून प्रत्येक वाद्याचे वेगळे पार्ट हाताने उतरवून काढायचे, आणि कागदावरची शाई ताजी असतानाच ते वाजायचं. लिहिणाऱ्याला आधीच माहीत असायचं की तिसऱ्या स्टँडवर कोण बसणार, कुणाचा गज जड, कोण ई तारेवर उंच गेला की कचरतो. 'व्हायोलिन' या वाद्यासाठी कुणी लिहीत नसे. अमक्यासाठी आणि तमक्यासाठी लिहीत.

मी व्हायोला वाजवत असे, नंतर पार्ट काढू लागलो, मग अरेंजर झालो. पार्ट काढताना कळलेली एक गोष्ट सांगतो. व्हायोलिनच्या एका स्टँडवर दोघे बसतात आणि पान उलटायचं काम आतल्या बाजूच्या वादकाचं. तो पान उलटतो तेव्हा त्या स्टँडवरचा आवाज निम्मा होतो. म्हणून चांगला कॉपिस्ट ओळी अशा मांडायचा की पान संपताना विराम यावा. कधी खाली चार ओळी मोकळ्या सोडायचा, पण विराम गाठायचा. तुझे पार्ट सॉफ्टवेअरने काढले आहेत, आणि पहिल्या व्हायोलिनचं पान उलटतं ते पाणी छातीला लागतं नेमकं तिथे. ऐन पुरात अर्धी व्हायोलिन गप्प! हे तुला स्पीकरमधून कधीही कळणार नाही.

ते कॉपिस्ट आता जवळजवळ सगळे गेले. त्यांच्या हातचे सुबक पार्ट रद्दीत गेले. ही खंत मला कायमची आहे, आणि तुझ्यावर मी इतका चिडतोय त्यात तिचाही वाटा असेल.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तुला ठाऊक असायला हवेत. प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे. आपले राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालायचा त्यांना ध्यास होता. १९५८ साली त्यांनी स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. पुढे ते अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले, परत येऊन गोव्यात राहिले, २०१२ साली वारले. सगळ्या देशाला त्यांचं नाव एका सिनेमातल्या गाण्यामुळे पाठ आहे, आणि त्यांच्या स्वतःच्या रचना ऐकलेली माणसं शोधावी लागतात. हे फार वाईट झालं. पण सरकार, अनुदान, हॉल यांची वाट बघत ते बसले नाहीत. रोज ज्यांच्याबरोबर काम करत होते त्याच माणसांना त्यांनी हाताशी धरलं, आणि ते संगीत माणसांनी वाजवलं.

तू म्हणशील, स्कोअर तर राहतो, उद्या कुणीतरी वाजवेल. ऑस्ट्रियाच्या शूबर्ट या संगीतकाराचं उदाहरण देशील. तो १८२८ साली गेला, त्याची मोठी सी मेजर सिम्फनी शूमान या संगीतकाराला शूबर्टच्या भावाकडे सापडली आणि १८३९ साली लाइपझिगला मेंडेल्सझोनने ती वाजवून घेतली. हे उदाहरण मला देऊ नकोस. शूबर्टच्या घरातच चौकडी होती. दोन भाऊ व्हायोलिनवर, वडील चेलोवर, तो स्वतः व्हायोलावर. पोरवयात लिहिलेलं तो घरच्या घरी ऐकत होता. ती सिम्फनी कपाटात पडून राहिली खरी, पण ती लिहिणारा हात वाजवणाऱ्यांच्या संगतीत तयार झाला होता. हायडनचंही तेच. एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या पदरी त्याच्या हाताशी वादक थोडे, पण रोजचे. लिहायचं, वाजवून बघायचं, जे पडेल ते काढून टाकायचं.

आणि थोडे वादक म्हणजे कमीपणा, हे तुझ्या डोक्यात कुणी भरलं? १९१८ साली युद्धामुळे मोठा ऑर्केस्ट्रा परवडेना, तेव्हा रशियन संगीतकार स्ट्राविन्स्कीने स्वित्झर्लंडमध्ये बसून सातजणांसाठी लिहिलं: व्हायोलिन, डबल बास, क्लॅरिनेट, बसून, कॉर्नेट, ट्रॉम्बोन आणि तालवाद्यं. फ्रेंच संगीतकार मेसियां जर्मनांनी उभारलेल्या युद्धकैद्यांच्या छावणीत होता. तिथे सोबतीला एक क्लॅरिनेटवाला, एक व्हायोलिनवाला आणि एक चेलोवाला मिळाला, पियानोवर तो स्वतः. त्या चौघांसाठी लिहिलेली रचना जानेवारी १९४१ मध्ये छावणीतच वाजली. त्याने वाद्यं निवडली नाहीत. समोर कोण आहे ते बघितलं आणि लिहिलं.

माझ्याबद्दल लोक तुला काय सांगतात ते मला माहीत आहे. हेकेखोर, जुनाट, यंत्राचा दुस्वास करणारा. खरं काय झालं ते ऐक. नव्वदच्या दशकात एका निर्मात्याने मला सांगितलं, दोन व्हायोलिन बोलवा, बाकीचं कीबोर्डवर भरा. मी म्हटलं, दोनच परवडत असतील तर दोघांसाठी लिहितो, सुंदर लिहितो. त्याला तीसजणांचा भास हवा होता. मी नाही म्हटलं. ते काम गेलं आणि त्यामागून बरीच गेली. घर बायकोच्या शाळेतल्या पगारावर चाललं, तिने एका शब्दाने मला टोकलं नाही. माझा राग कीबोर्डवर नव्हता. दोन माणसांना तीस असल्याचं सोंग घ्यायला लावायचं, याला माझा विरोध होता आणि आजही आहे. त्यानंतर मी स्वतःसाठी लिहिलं ते पाच-सातजणांसाठीच. कधी चर्चच्या सभागृहात, कधी एखाद्याच्या दिवाणखान्यात, पण लिहिलेलं पानन्‌पान वाजलं. 'याने सिम्फनी काही लिहिली नाही' असं म्हणतात. नाही लिहिली. ज्यांच्या नावाने लिहायची अशी ऐंशी माणसं माझ्याकडे नव्हती. त्या पाच-सातजणांचे हात मात्र मला पाठ होते, आणि याला कुणी लहान काम म्हटलं की मला अजूनही राग येतो.

आता तुझे प्रश्न. परदेशी जायचं तर जा, पण कशासाठी ते नीट ओळखून जा. तिथली खरी कमाई म्हणजे शेजारच्या खोलीत रियाज करणारी ओबोवाली मुलगी. तिचं दार वाजवून 'हे चार बार वाजवून दाखवशील?' असं विचारता येतं. ते न करता दोन वर्षं खोलीत स्क्रीनपुढेच बसणार असशील तर नाशिक काय वाईट आहे? वनराज भाटिया लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकले, पॅरिसला नादिया बुलांजे या संगीतशिक्षिकेकडे शिकले. गोन्साल्विस आणि ते, दोघेही १९२७ चे. भाटिया इथे परतले, जाहिराती आणि सिनेमांचं संगीत केलं, त्याने नाव झालं. पण मैफलीसाठी लिहिलेल्या त्यांच्या रचना इथे फार कमी वाजल्या. उत्तम शिक्षण होतं, प्रतिभा होती. प्रश्न शेवटी तोच उरला.

गेमसाठी खुशाल लिही. पैसे मिळतील, त्यातून वादक बोलाव. आणि फुकट वाजवून घेऊ नकोस. मानधन थोडं असेल तर थोडं, पण आधी सांगितलेलं आणि त्याच दिवशी हातात ठेवलेलं.

तबल्याचं म्हणशील, तर लोक म्हणतात म्हणून काही घालू नकोस. २०१५ साली झाकीर हुसेन यांनी सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियासाठी तबल्याची कॉन्चेर्तो, म्हणजे तबला आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना, लिहिली, मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात ती पहिल्यांदा वाजली. तबला कुणाच्या हातात होता हे वेगळं सांगायला नको. तुझ्याकडे कोण आहे? पत्राच्या शेवटी ओझरता उल्लेख केलायस की मामेभाऊ ढोलपथकात ताशा वाजवतो. मग पुराच्या रचनेत ताशा का नाही? तू संगणकावर टिंपनी, म्हणजे वाद्यवृंदातले नगारे, शोधत बसलीस, आणि ताशावाला तुझ्या घरी येऊन जेवून जातो!

एनसीपीएचा ऑर्केस्ट्रा २००६ पासून आहे, त्याच्या मोसमात मुंबईला जाऊन ऐकत जा. स्वस्तातलं तिकीट काढ, पण हॉर्नवाले दिसतील अशी जागा बघ आणि ते श्वास कुठे घेतात ते बघ. तिथे तुझं काही वाजेल की नाही याचा आत्ता विचारही करू नकोस.

आत्ता करायचं ते असं. पुराच्या रचनेतले सुरुवातीचे चाळीस बार घे आणि चौघांसाठी नव्याने लिही. ताशावाला आहेच. व्हायोलिन शिकणारं कुणीतरी नाशिकमध्ये नक्की सापडेल. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेटवाला असतो, ट्रम्पेटवाला असतो, दोघेही उन्हात तासन्‌तास वाजवतात, त्यांचा दम तुझ्या संगणकातल्या सॅम्पलपेक्षा, त्या तयार मुद्रित आवाजांपेक्षा, मोठा आहे. त्यांना जाऊन भेट. सीझन नसताना जा, लग्नसराईत त्यांना वेळ नसतो. क्लॅरिनेट बी फ्लॅटचा असेल, त्याचा पार्ट एक पूर्ण स्वर वर लिहायचा हे विसरू नकोस. त्याला स्टाफ नोटेशन येत नसेल तर सारेगममध्ये लिहून दे. तेही नको असेल तर समोर बसून गाऊन शिकव. तुला गाऊन दाखवता येत नाही अशी ओळ त्या रचनेत असेल, तर ती आधी काढून टाक.

वाजवून झाल्यावर चौघांनी काय नावं ठेवली ते सगळं लिहून घे आणि मला कळव. 'छान आहे' म्हणाले असतील तर पुन्हा विचार, ते भिडेखातर म्हणाले असतील.

मला यापुढे रेकॉर्डिंगची लिंक पाठवू नकोस, मी ती उघडणार नाही. दिवाळीच्या आत चौघांचे पार्ट कागदावर पाठव, हाताने लिहिलेले असतील तर फार बरं. व्हायोलिनच्या पार्टवर गजाच्या खुणा मी करून देईन आणि पान कुठे उलटायचं तेही बघून देईन. स्कोअरच्या पहिल्या पानावर डाव्या बाजूला जिथे वाद्यांची नावं लिहितात, तिथे मला वाजवणाऱ्यांची नावं हवीत, चारही. एक जरी जागा रिकामी असली तरी पाकीट तसंच परत येईल.

आईबाबांना नमस्कार सांग.

तुझा,
काका