फुटबॉल पूर्वीपेक्षा नेमका कुठे बदलला?

प्रश्न: ठाण्यात राहतो. बाबांनी १९८६चा वर्ल्ड कप रात्र-रात्र जागून बघितलाय. ते म्हणतात, आताचा फुटबॉल म्हणजे मागच्या मागे नुसते पास, मजा गेली. खेळ खरंच इतका बदललाय का?

उत्तर:

बदललाय, आणि भरपूर. पण मागे पास देण्याबद्दल बाबा बोलत असतील, तर तो प्रकार त्यांच्या काळात जास्त होता आणि कितीतरी कंटाळवाणाही होता. ८६ म्हटलं की लोकांना मॅराडोना आठवतो, त्या सामन्यांमधले रटाळ अर्धे अर्धे तास कोणाला आठवत नाहीत.

मी ठाण्यात वाढलो, शाळा-कॉलेजात गोलकीपर होतो, आता नेरूळला असतो. त्यामुळे हे उत्तर गोलपोस्टमधून दिलेलं आहे असं समजा. लोक बदल विचारले की मेस्सी, पैसा, फिटनेस सांगतात. माझ्या मते आजच्या फुटबॉलचं मूळ १९९२च्या एका नियमात आहे: आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने दिलेला पास गोलकीपरने हातात घ्यायचा नाही.

त्याआधी काय चालायचं? एक गोलची आघाडी मिळाली की स्टॉपर (मधला बचावपटू) बॉल मागे द्यायचा. गोली तो उचलायचा, दोन-चार टप्पे मारायचा, परत बॅककडे (बचावपटूकडे) सोडायचा. बॅक पुन्हा त्याच्याकडे. सगळं नियमात बसणारं. १९९०च्या इटलीतल्या वर्ल्ड कपमध्ये याचा कळस झाला. ५२ सामन्यांत ११५ गोल, म्हणजे सामन्याला जेमतेम सव्वादोन. आयर्लंड–इजिप्त ०-० ज्यांनी पूर्ण बघितली त्यांना दंडवत. फायनलही पश्चिम जर्मनीने ८५व्या मिनिटाच्या पेनल्टीवर १-० अशी काढली. १९९२च्या युरोत डेन्मार्क जिंकलं (युगोस्लाव्हियावर बंदी आली म्हणून ऐनवेळी बोलावलेला संघ, ती वेगळीच गंमत), तिथेही बॉल त्यांचा गोली श्मायकेल याच्या हातात परत परत जात होता. त्याच उन्हाळ्यात नियम बदलला.

वरवर पाहता वेळकाढूपणाला आळा, एवढंच. पण त्याने सगळं मैदान हललं. आधी फॉरवर्डने (पुढे खेळणाऱ्याने) बॅकच्या मागे धावण्यात अर्थच नव्हता. तुम्ही जीव तोडून धावलात की तो निवांत गोलीच्या हातात बॉल देणार. म्हणून लेफ्ट आऊट, राइट आऊट, सेंटर फॉरवर्ड ही मंडळी बॉल गेला की कमरेवर हात ठेवून उभी. आता ती सुटकेची वाट बंद झाली. बॅकवर धावून गेलं की तो गडबडतो, गोलीला पायाने मारावं लागतं आणि बॉल आपल्याला मिळू शकतो. म्हणजे बचाव फॉरवर्डपासून सुरू झाला. त्याला उत्तर म्हणून बॅकना पासिंग शिकावं लागलं, आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या आमच्या जमातीलाही.

आम्हाला कोणी पायाने खेळायला शिकवलंच नव्हतं. आपल्याकडे फुटबॉल म्हणजे पावसाळ्यातला खेळ. क्रिकेटवाल्यांनी पिच झाकलं की मैदान आमचं. सगळ्यात जास्त चिखल गोलच्या तोंडाशी. जुना चामड्याचा बॉल पाणी पिऊन असा जड व्हायचा की हेड मारल्यावर संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकायचं. (वर्ल्ड कपमध्ये पूर्ण सिंथेटिक बॉल ८६लाच आला, आमच्यापर्यंत पोचायला अर्थातच वेळ लागला.) त्या चिखलात गोलीने शॉर्ट पास द्यायचा विचार जरी केला असता, तरी सरांनी बाहेर बसवलं असतं. बॉल धर, लांब मार, एवढंच काम.

पायाने खेळणारे गोली तेव्हाही होते. कोलंबियाचा इगीता डी (गोलसमोरचा चौकोन) सोडून बॉल घेऊन सरळ पुढे यायचा. ९०मध्ये कॅमेरूनच्या रॉजे मिलाने त्याच्या पायातून बॉल काढून गोल केला आणि जग इगीताला हसलं. उलट २०१४च्या वर्ल्ड कपमधला जर्मनीचा गोली नॉयर बघा, अल्जेरियाविरुद्ध तो जवळजवळ बॅक म्हणूनच खेळला, आणि त्याचं कौतुक झालं. ब्राझीलच्या एडरसनसारख्या गोलीला तर पासिंग बघूनच घेतात. २०१९पासून गोलकिकचा (समोरच्यांनी बॉल गोलरेषेबाहेर घालवल्यावर मारायची किक) बॉल डीच्या बाहेर जायची अटही गेली, त्यामुळे दोन बॅक डीतच उभे राहून पास घेतात.

आता बाबांच्या तक्रारीकडे. गोली पायाखाली बॉल ठेवून उभा दिसतो तेव्हा बहुतेक वेळा तो वेळ काढत नसतो, समोरच्या फॉरवर्डला बोलावत असतो. फॉरवर्ड त्याच्यावर आला की मागे एक माणूस मोकळा सुटतो. पुढच्या मॅचला बाबांना बॉलऐवजी तो मोकळा सुटणारा माणूस शोधायला सांगा. कधीकधी मात्र कोणी पुढे येत नाही, कोणी पासही देत नाही, आणि तेव्हा मलाही चॅनेल बदलावंसं वाटतं.

एका बाबतीत मी बाबांच्या बाजूने आहे. चार जणांना चकवत एकटाच निघालेला खेळाडू आता कमी दिसतो. कोचने आखून दिलेल्या जागा सोडायच्या नाहीत, त्यात तो बेधडकपणा घासून निघाला. पण त्या काळी अशा खेळाडूंना वागवायचे कसे तेही सांगा. मॅराडोनाचा घोटा १९८३मध्ये स्पेनमध्ये मागून आलेल्या टॅकलने (बॉल काढायला घातलेल्या पायाने) मोडला. डच फॉरवर्ड फान बास्टेनची कारकीर्द घोट्यानेच संपवली. मागून घातक टॅकलला सरळ लाल कार्ड ही सक्ती १९९८च्या वर्ल्ड कपपासूनची. आजचे फुटबॉलपटू निदान स्वतःच्या पायांनी निवृत्त होतात.

पैशाचं थोडक्यात सांगतो, त्यावर सगळेच लिहितात. १९९५च्या बॉसमन निकालाने (बॉसमन या खेळाडूच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने दिलेला) करार संपलेल्या खेळाडूला युरोपात फुकट क्लब बदलता येऊ लागला, परदेशी खेळाडूंवरची मर्यादाही युरोपीय संघाच्या नागरिकांपुरती उठली, आणि मोठे क्लब आणखी मोठे झाले.

तंत्रज्ञानाचं मात्र आपल्या दारातलं उदाहरण आहे. २०१७च्या अंडर-१७ वर्ल्ड कपची स्पेन–माली सेमीफायनल नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाली. मालीच्या डुकुरेचा लांबून मारलेला फटका बारला लागून रेषेच्या आत पडला, पण गोल दिला गेला नाही. स्पेन ३-१ जिंकलं. सीनियर वर्ल्ड कपमध्ये बॉल रेषेच्या आत गेला का ते सांगणारं गोललाइन तंत्रज्ञान २०१४लाच आलं होतं. त्याच स्टेडियमवर २०२२ची मुलींच्या अंडर-१७ वर्ल्ड कपची फायनल झाली, तेव्हा व्हिडिओ बघून निर्णय तपासणारा व्हीएआर होता. ८६ला तो असता तर मॅराडोनाचा हाताचा गोल गेला असता, हे बाबांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

आणि वेळकाढूपणाचा त्यांना खरंच राग असेल, तर एक ताजी बातमी द्या. गोलीने बॉल हातात सहा सेकंदच ठेवायचा असा नियम होता, पण रेफरी क्वचितच तो लावायचे. २०२५पासून मर्यादा आठ सेकंदांची केली, शेवटचे पाच सेकंद रेफरी हात वर करून बोटांवर मोजतो, आणि वेळ ओलांडली की समोरच्याला कॉर्नर.