कॅप्टन स्कार्लेट मरत नाही, मग मिस्टेरॉनांचे बाकीचे हस्तक गोळी लागताच कसे मरतात?

स्कार्लेट ज्या मालिकेचा नायक आहे त्या 'कॅप्टन स्कार्लेट अँड द मिस्टेरॉन्स'मध्ये याचं पटेल असं कारण मिळत नाही. हे पटकथेतलं भोकच आहे. गेरी आणि सिल्व्हिया अँडरसन यांच्या या 1967 च्या बाहुलीमालिकेतला नियम असा: मंगळावरचे मिस्टेरॉन आधी माणूस किंवा वस्तू नष्ट करतात आणि मग तिची हुबेहूब प्रतिकृती बनवून वापरतात. पहिल्याच भागात खरा स्कार्लेट मोटार अपघातात मरतो. पुढे दिसतो तो त्याची प्रतिकृती. लंडनच्या कार-व्ह्यू मनोऱ्यावरून सुमारे 800 फूट खाली पडल्यावर ती मिस्टेरॉनांच्या ताब्यातून सुटते, पण जखमा आपोआप भरून येण्याची शक्ती तिच्याकडे राहते. ही शक्ती मिस्टेरॉनांचीच असेल, तर इतर प्रतिकृतींकडेही ती हवी ना? पण त्या गोळीने किंवा अपघाताने मेल्या की सहसा परत उठत नाहीत. माझ्या मते कारण कथेबाहेरचं आहे. पंचवीसेक मिनिटांच्या भागात शत्रू संपवावाच लागतो. (खरा स्कार्लेट मेला याचं कुणाला फारसं सुतकही नाही, हे मला जास्त खटकतं.) अर्थात 'ऑपरेशन टाइम' या भागात थोडी डागडुजी आहे: मिस्टेरॉन प्रतिकृतींतून क्ष-किरण आरपार जात नाहीत आणि उच्च दाबाच्या विजेने त्या मरतात. पण साधी गोळी का पुरते, याचं उत्तर त्यातही नाही.