एवढंसं बाळ, त्याचं रक्त किती काढणार?

प्रसूतीनंतरच्या वॉर्डात हा प्रश्न इतक्या आयांकडून ऐकते, की एकीची हकीगत सांगितली तर अनेकींना ती आपलीच वाटेल.

बाळ चार दिवसांचं, वजन 2.8 किलो. काविळीसाठी दुसऱ्यांदा रक्त घ्यायचं होतं. आजी म्हणत होत्या, ‘‘असं काढत राहिले तर लेकरू सुकून जाईल.’’ आई गप्प, दुपटं घट्ट धरून.

आधी हिशेब मांडला. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या अंगात किलोमागे साधारण 80 मिली रक्त असतं, म्हणजे या बाळाच्या अंगात सव्वादोनशे मिलीच्या आसपास. तपासणीला 1 मिली पुरतं. 50 किलोच्या बाईचं तीन चमचे रक्त घ्यावं, तेवढंच हे. (किलोभराच्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळाला मात्र 1 मिलीही जड, तिथे दर वेळी किती घेतलं ते लिहून ठेवायलाच हवं.) आजींना पटलं. आईला नाही.

दोन दिवसांत चारदा बोललो. चौथ्यांदा विचारलं, ‘‘परवा रक्त घेतलं तेव्हा तुम्ही कुठे होतात, ताई?’’

‘‘सिस्टर म्हणाल्या, बाहेर थांबा. दाराआडून रडणं ऐकत होते.’’ बराच वेळ थांबून म्हणाली, ‘‘त्याला वाटलं असेल, आई टाकून गेली.’’

मी हिशेब सांगत राहिले आणि तिला सलत होतं ते बंद दार. आईला बाजूला काढून बाळाची काळजी घेता येत नाही, या मताची मी आहे. त्या दिवशी ते आणखी पक्कं झालं. नवजात बाळाला वेदना फारशा कळत नाहीत, असं एकेकाळी डॉक्टरही मानत. 1987 साली आनंद आणि हिकी यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पुराव्यांनिशी ते खोडलं.

‘‘मग मी काय करू, मॅडम?’’

‘‘सुईच्या आधी पाजायला घ्या. चांगलं ओढायला लागलं की मगच टोचतील, आणि रक्त घेऊन होईपर्यंत सोडू नका.’’ अंगावर घेता येत नसेल तर दोन मिनिटं आधी जिभेवर रुग्णालयातल्या 24 टक्के सुक्रोजचे, म्हणजे साखरपाण्याचे, थेंब. घरचा मध मुळीच नको.

बाकीचं सिस्टरांच्या हातात. बाळाचा हात गार असेल तर आधी ऊब द्यायची, नाहीतर शीर दिसतच नाही. पंजाची मागची बाजू बरी. रबरी पट्टी आवळण्याऐवजी मनगट हलक्या हाताने वाकवून धरायचं. स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं. 23 किंवा 24 नंबरची सुई जवळजवळ आडवी, 15 ते 20 अंशांत. रक्त सावकाश येतं, येऊ द्यावं. सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला की शीर चपटी होते, हात पिळला की रक्तपेशी फुटतात. मग पोटॅशियम खोटंच जास्त दिसतं आणि त्या बाळाला पुन्हा टोचावं लागतं. एकाने दोनदाच प्रयत्न करावा, मग दुसऱ्या अनुभवी हाताला बोलवावं. सराईत हाताने शिरेतून घेतलेलं रक्त टाचेला टोचण्यापेक्षा कमी दुखतं, हेही आयांना सांगायला हवं.

या वेळी बाळ टोचताना कण्हलं आणि पुन्हा ओढू लागलं. कोरडा कापूस दोन-तीन मिनिटं आईनेच दाबून धरला. सिस्टरांनी बल्बवर, म्हणजे रक्ताच्या छोट्या नळीवर, तिथेच, तिच्यासमोर, नाव लिहिलं. तिने ते वाचून पाहिलं. बाळाला अजून नाव नव्हतं. बल्बवर तिचंच होतं.